सिटी व्हीटेकला घरीच हेडर बसवायचाय, आधी कुणी केलंय काय? (कोल्हापूर)

व्हीटेकवेडा_०९
राम राम मंडळी. गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक (इंजिन जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो ते), कागदावर १०६ बीएचपी. मामांनी नवी घेतलेली, त्यांच्याकडनं माझ्याकडं आली आणि आता काय वाट्टेल ते झालं तरी विकायची नाही असं ठरलंय.

गेले दोन महिने सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढनं टक टक टक असा आवाज यायचा, मिनिटभरात गाडी तापली की बंद. टॅपेट म्हणून सेट करून घेतले, फरक शून्य. परवा वरचा पत्रा काढून बघितलं तर कास्टिंगच्या मॅनिफोल्डला (चारही सिलिंडरचा धूर गोळा करून मागं सोडतो तो भाग) मधल्या दोन पाइपांच्या बेचक्यात केसासारखी चीर आणि तिच्या कडेनं काजळी. नवीन मॅनिफोल्ड मिळंना, जुना मिळतोय पण त्यालाही अशीच चीर नसंल कशावरनं. तेवढ्यात पुण्याच्या एका मित्राकडं ४-२-१ हेडर (मॅनिफोल्डच्या जागी बसणारे पाइप, चाराचे दोन आणि दोनाचा एक होतात) पडून होता, स्टेनलेस ३०४, कधी बसवलेलाच नाही, तो घेतला.

आता प्रश्न. फुलेवाडीत घरासमोर पत्र्याची शेड आहे, सॉकेट सेट आहे, ट्रॉली जॅक आहे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला कट् वाजतो तो पाना) उसना मिळतोय. घरी बसवू की गॅरेजला देऊ? मागं एका गॅरेजात ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) वायर कापून नुसती पीळ मारून टेप गुंडाळून दिली होती, मला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासनं दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

गंगावेश_गँग
नाद खुळा भावा! हेडरचा फोटो टाक की आधी.

उद्यमनगर_टर्नर
घरी कर. पण काम हेडर बसवायचं नाही हे डोक्यात पक्कं ठेव. बसवायला दोन तास लागतात. काम आहे ते बावीस वर्षं तापून गार झालेले नट काढायचं. ते नीट निघाले तर तू जिंकलास.

आजपासनं रोज रात्री गाडी गार झाली की प्रत्येक नटाच्या बुडाला रस्टोलिन (गंज सोडवायचं तेल) सोड, तीन-चार रात्री सलग. काढताना सहा कोनी सॉकेटच घे, बारा कोनी घेतलास की नटाचे कोपरे गोल होणार. पाना लावून एकदम झटका देऊ नको, आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सैल करायच्या बाजूला, परत आवळायला, असं डोलवत डोलवत काढ. नट किंचाळायला लागला की थांब, तेल सोड, चहा पिऊन ये. इंजिनाचं हेड (वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड बसतो) ॲल्युमिनियमचं आहे, त्यातला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) लोखंडाचा, घाई केलीस की स्टड मोडतो नाहीतर हेडमधली आटी घेऊन बाहेर येतो.

दुसरं, हेडर कधी बसवलेला नाही म्हणतोस म्हणजे फ्लँज (हेडला टेकते ती चपटी पट्टी) तपासलेली नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज वाकडी होते, सगळ्यांची होते. गाडीवर चढवायच्या आधी फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धर आणि खालनं फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघ. मी ०.१ मिमीच्या वर गेलं की सोडत नाही, सरफेस ग्राइंडरवर टाकतो. इथं आपल्याकडं घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे. पुण्याचा हेडर असला म्हणून काय झालं, सपाट करायला उद्यमनगरातच यावं लागतंय.

सायबर_चौक
उत्साहावर पाणी टाकायचं नाही पण कायदा माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकानं केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाजाचं आणि धुराचं वेगळं, तिथं १०,००० पर्यंत दंड, कैद होऊ शकते आणि तीन महिने लायसन्स जातं. शिवाय विमा. इंजिन बेमध्ये काही झालं आणि सर्व्हेयरला न कळवलेला हेडर दिसला तर क्लेमवर बोट ठेवायला त्याला जागा मिळते.

मी स्वतः गाडीवेडा आहे, पण हे आधी वाचून मग पाना हातात घ्यावा.

व्हीटेकवेडा_०९
@सायबर_चौक दादा बरोबर आहे, म्हणूनच मागचा सगळा भाग मूळचाच ठेवणार आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) आहे तिथंच, मधला बॉक्स आणि सायलेन्सर कंपनीचा. मला आवाज काढत फिरायचं नाही. आमच्या शेजारी आजी आहेत, त्यांना दुपारी झोप लागते. विमा कंपनीला मेल टाकतो आजच.

जोतिबाचा_डोंगर
कॅट काढायचा नाही म्हणालास हे लई बरं केलंस. आमच्यातले निम्मे लोक हेडर म्हटलं की पहिला कॅट कापून तिथं सरळ पाइप घालतात. पीयूसीला उभी राहिली की एचसी (न जळालेलं पेट्रोल) बघून मशीनवाला पण तोंडाकडं बघतो. आणि मागनं चालणाऱ्या माणसाच्या डोळ्याला झोंबतं ते वेगळंच. सिग्नलला बायका लेकराच्या तोंडावर पदर धरतात, ते बघून मला तरी गाडी चालवायची मजा येत नाही.

फौंड्रीवाला
शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं कास्टिंगमध्ये काढलीत म्हणून कास्टिंगच्या बाजूनं दोन शब्द. कास्ट मॅनिफोल्डला उगाच शिव्या घालू नका. कंपनी तो स्वस्त म्हणून घालते हे खरं, पण जाड भिंतीमुळं आवाज दबतो, आणि वर्षानुवर्षं तापून-गार होऊन टिकतो. साध्या ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं असतं, त्या पापुद्र्याच्या टोकाला चीर सुरू होते आणि तापणं-गार होणं चालू राहिलं की पुढं सरकते. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं म्हणून चीर तिथं अडते. गरम एक्झॉस्टसाठी त्यातच सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घालून सिमो आयर्न करतात, टर्बोच्या गाड्यांचे मॅनिफोल्ड बरेचसे तसले.

तुझी चीर बेचक्यात आहे कारण दोन्हीकडची उष्णता तिथं एकत्र येते आणि धातूला पसरायला जागा नसते. आणि थंडीत टक टक, तापल्यावर बंद, ह्याचं कारण पण तेच, धातू फुगला की चीर मिटते. ते मॅनिफोल्ड भंगारात घालू नको, मला कापून बघायचंय आतनं कसं दिसतंय.

गगनबावडा_एक्सप्रेस
४-२-१ कशाला घेतला भावा? व्हीटेकला ४-१ (चारही पाइप थेट एकात) पायजे. वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कॅम बदलल्यावर मजा तिथं आहे, ४-२-१ म्हणजे टॅक्सीवाल्यांचा हेडर.

उद्यमनगर_टर्नर
@गगनबावडा_एक्सप्रेस ट्रॅकवर असतास तर पटलं असतं. रस्त्यावर ही गाडी ६,००० च्या वर किती सेकंद राहते? तावडे हॉटेलपासनं घरापर्यंत २,५०० ते ४,५०० मध्येच जाणार. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून ४-२-१ मध्ये १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र जोडतात, म्हणजे एकाच पाइपात येणाऱ्या दोन धक्क्यांमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो. एकाचा धक्का पुढं गेला की त्याच्या मागं पोकळी तयार होते आणि ती दुसऱ्या सिलिंडरचा उरलेला धूर ओढून घेते. मधल्या आरपीएमला फायदा तिथं होतो. ४-१ मध्ये हाच खेळ वरच्या आरपीएमला जमतो.

गगनबावडा_एक्सप्रेस
भुईबावड्याचा घाट चढताना मी ६,००० च्या खाली येतच नाही, त्याला काय म्हणायचं

जोतिबाचा_डोंगर
त्याला क्लच प्लेटचा खर्च म्हणायचं 😄

मिरज_जंक्शन
स्पोर्ट्स कारच्या विभागात धागा दिसला म्हणून उघडला, तर सिटी. चार दारांची गाडी, मागं आई-वडील बसतात, ही स्पोर्ट्स कार कशी काय?

गंगावेश_गँग
सांगलीकडनं आलास म्हणून माफ आहे. १०६ बीएचपी आणि हजार किलोच्या आसपास वजन, त्या काळात आपल्या रस्त्यावर दुसरी कुठली होती सांग. एकदा व्हीटेक लागल्यावर आवाज बदलतो तो ऐक, मग बोल.

मिरज_जंक्शन
ऐकलाय, कबूल 🙏

तिसरी_गल्ली
माझा अनुभव सांगतो. (कोल्हापूरची पोरगी आहे, "सांगते" लिहिलं तर घरचे हसतील.)

माझी पालिओ १.६ आहे, दोन वर्षांमागं मी आणि भावानं राजारामपुरीत पार्किंगमध्येच हेडर घातला. सगळे नट आले, शेवटचा कोपऱ्यातला राहिला. संध्याकाळचे सात वाजले होते, दमलो होतो, भाऊ म्हणाला पाइप लावून फिरवू. पान्याला दोन फुटी पाइप लावला आणि दाबला. मोडायच्या आधी स्टड मऊ लागतो हातात, लोण्यासारखा, नट सुटला असं वाटून आम्ही दोघंही खूश झालो, आणि पुढच्या क्षणाला कट्. हेडच्या आत चार मिमी खाली मोडलेला.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ओळखीच्या वेल्डरला घरी आणलं. त्यानं मोडलेल्या तोंडावर वेल्डचा थेंब थेंब टाकून खुंटी बाहेर काढली, तिच्यावर नट ठेवून आतनं भरला. लालबुंद होता तेव्हा हात लावू दिला नाही, काळा पडू दिला, मग मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आटीत ओढलं गेलं, आणि साध्या रिंग पान्यानं तो स्टड बाहेर आला. आटीला काही झालं नव्हतं. वेल्डचा करंट मारायच्या आधी त्यानं बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला लावल्या, हे विसरू नका, नाहीतर ईसीयूला (इंजिनाचा कॉम्प्युटर) धोका.

म्हणून सांगतो, पाइप लावायचा मोह झाला की त्या दिवसाचं काम बंद करा.

उद्यमनगर_टर्नर
ताई मेणबत्तीची आठवण काढलीत, जुन्या मिस्त्र्यांची पद्धत आहे ती. आमचे वस्ताद तेच करायचे. आणि लोण्यासारखा लागतो हे एकदम खरं, ज्यानं मोडलाय त्यालाच कळतं.

फौंड्रीवाला
उद्यमनगरला फ्लँज घेऊन जाणारच आहात तर सकाळी जा, फडतरेची मिसळ खाऊन. उशीर झाला तर लाइनीत उभं राहावं लागेल.

गंगावेश_गँग
मिसळीवर नको घसरायला, मागच्या धाग्यात क्लच राहिला बाजूला आणि कटाच्या तिखटावर चाळीस प्रतिसाद झाले.

रंकाळा_काका
माझं वय एकसष्ट, गाड्या दुरुस्त करत आलो हौसेनं. पोरांनो तुम्ही टॉर्क आणि फ्लँज बोलताय, कुणीच घोडीचं (उचललेल्या गाडीखाली लावायचा लोखंडी आधार) बोललं नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. जॅकचं सील एका सेकंदात जातं. आमच्या ओळखीतला एकजण त्यात गेला, पुढचं चाक काढलेलं होतं म्हणून गाडी सरळ छातीवर आली. दोन घोड्या घ्या, जमीन पक्की पाहिजे, फरशीखाली पोकळ नको. मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. काढलेली चाकं गाडीच्या उंबऱ्याखाली (दारांखालची कड) आडवी सरकवून ठेवा, घोडी निसटली तर गाडी चाकावर अडेल. खाली जायच्या आधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, पडायची असेल तर तेव्हा पडू दे.

आणि पहिल्यांदा चालू करताना शेड मोकळी ठेवा. गळका एक्झॉस्ट बंद जागेत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, डोकं जड झालं म्हणेपर्यंत माणूस आडवा.

व्हीटेकवेडा_०९
काका, माझ्याकडं घोड्या नव्हत्या. खरं सांगतो, जॅक आणि दोन लाकडी ओंडके ह्यावरच करणार होतो. आज संध्याकाळी तीन टनी घोड्यांची जोडी आणली. मनापासनं आभार.

तिसरी_गल्ली
काकांना नमस्कार. चाक उंबऱ्याखाली ठेवायचं हे मला पण नवीन.

गगनबावडा_एक्सप्रेस
हेडरला टेप गुंडाळणार काय? ती रॅप म्हणतात ती. माझ्या गाडीला आहे, बॉनेट खालची उष्णता निम्मी झाली.

फौंड्रीवाला
निम्मी कशानं मोजलीस? मला विचारशील तर आपल्याकडच्या पावसात टेप नको. ती पाणी धरून ठेवते, जून ते सप्टेंबर ओली, आतला पाइप सडतो, साध्या स्टीलचा असला तर दोन पावसाळ्यात भुगा. ३०४ ला गंज कमी पण उष्णता कोंडून पाइप आणखी तापतो आणि वेल्डच्या कडेला चिरतो. पैसे असतील तर सिरॅमिक कोटिंग, नसतील तर मूळचा पत्रा थोडा वाकवून परत लावायचा.

अजून एक, ३०४ कास्टिंगपेक्षा बराच जास्त पसरतो. अर्धा मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की जवळजवळ ५ मिमी वाढतो. ते ५ मिमी कुठंतरी जायला पाहिजेत. खालचा फ्लेक्स पाइप शाबूत आहे काय बघ, त्याची जाळी फाटली असेल तर आत्ताच बदल. नाहीतर सगळा ताण हेडच्या स्टडवर.

उद्यमनगर_टर्नर
ह्याला धरूनच सांगतो, आवळायचा क्रम. आधी सगळं सैल जोडायचं, हेडची फ्लँज, खालचा जोड, हँगरचे रबर, सगळं. मग हेडची फ्लँज मधनं सुरू करून बाहेर बाहेर जात दोन-तीन टप्प्यांत. मग खालचा जोड. हँगर शेवटी. उलटं केलंस तर पाइप ताणून बसतो आणि महिन्याभरात गॅस्केट जातं. नट नवीनच घे, जुने लॉक नट परत वापरू नको. मॅन्युअलात ३१ न्यूटन मीटर आहे, सेन्सरला ४४. सेन्सरच्या आटीला अँटीसीझ (आटी जाम होऊ देत नाही ती पेस्ट) लाव पण टोकाला बोट पण लागू देऊ नको.

गंगावेश_गँग
मग कधी घालणार? चार दिवस झाले.

व्हीटेकवेडा_०९
काल रविवारी झालं. सविस्तर लिहितो, कारण इथल्या एकेका वाक्यानं मला वाचवलंय.

शनिवारी फ्लँज टर्नरभावांकडं नेली. पट्टी ठेवली तर चौथ्या पोर्टच्या टोकाला ०.४ मिमीची फीलर सरळ आत गेली! डोळ्यानं बघून शप्पथ वाकडी वाटत नव्हती. ग्राइंडरवर टाकल्यावर आधी फक्त दोन टोकं चमकली, मधला भाग काळाच, मग हळूहळू चमक आत सरकत गेली आणि शेवटी सगळी पट्टी आरशासारखी झाली. पैसे घेतले नाहीत त्यांनी. मिसळ मी दिली. आत बोट घालून वेल्ड पण बघितले त्यांनी, दोन ठिकाणी आत खरखरीत काळे दाणे होते, वेल्डिंग करताना हवा लागू नये म्हणून आतनं आर्गन सोडतात तो सोडला नसणार. ते घासून काढले.

रविवारी सकाळी सहाला सुरुवात. पाच रात्री रस्टोलिन झालं होतं. पहिले सगळे नट डोलवत डोलवत आले, दोन नट स्टडसकट फिरून बाहेर आले पण हेडची आटी स्वच्छ होती, नवीन स्टड घातले. एक नट मात्र किंचाळायला लागला. ताईंची पोस्ट आठवली, पाइप शेडमध्ये समोरच पडला होता, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेल सोडून आत गेलो, आईनं पोहे केले होते, तास गेला. परत आलो तर तो पहिल्या डोलवण्यात सुटला.

मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडचा चेहरा प्लास्टिकच्या स्क्रेपरनं साफ केला, पोर्टमध्ये कापडाचे बोळे घालून, आणि बोळे मोजून. चार घातले, चार काढले.

अडचण दोन ठिकाणी आली. रेडिएटरच्या पंख्याचा पत्रा आणि पहिल्या पाइपमध्ये जेमतेम करंगळी जाईल एवढी जागा राहिली, पंख्याचा ब्रॅकेट वॉशर घालून पुढं सरकवला, आता दोन बोटं जातात. इंजिन झटक्यात पुढं झुकतं म्हणून हे गरजेचं होतं. दुसरं म्हणजे सेन्सरचं भोक मूळच्यापेक्षा खाली आलं आणि वायर पोचंना. ती चार वायरची आहे, प्रत्येक वायर वेगवेगळ्या लांबीवर कापून, सोल्डर करून, उष्णतेनं आवळणारी नळी घालून वाढवली. टेप नाही!

दुपारी दीडला चालू केली, शेडचे तिन्ही पडदे वर बांधून. पाच मिनिटं पांढरा धूर निघाला पाइपांवरनं, हातांचं तेल आणि ग्राइंडिंगचं कूलंट जळालं. मग गाडी गार होऊ दिली, साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन परत एकदा चालू करून सगळे जोड बघितले, खालच्या जोडाला बारीक बुडबुडे, अर्धा फेरा आवळला, बंद.

टक टक गेली. आवाज आयडलला मूळचाच आहे, शेजारच्या आजींना मुद्दाम विचारलं, त्यांना फरक कळला नाही. ४,००० च्या वर मात्र थोडा भरीव, घशातनं आल्यासारखा. संध्याकाळी पन्हाळ्याला जाऊन आलो. ताकद किती वाढली म्हणाल तर मोठा आकडा सांगणार नाही, पण वाघबीळच्या पुढच्या चढाला पूर्वी तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर यावं लागायचं, काल तिसऱ्यावरच चढली. आणि चिरलेला मॅनिफोल्ड सेन्सरच्या आधी हवा ओढत होता त्यामुळं ईसीयूला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय आणि तो जास्त सोडायचा, ते आता थांबलं असणार, टाकी संपली की ॲव्हरेज सांगतो.

तिसरी_गल्ली
पाइपाकडं बघितलं नाहीस हे वाचून लई बरं वाटलं बघ.

गगनबावडा_एक्सप्रेस
काटा किर्र! तिसऱ्यावर चढली म्हणजे ४-२-१ बद्दल मी माझे शब्द मागं घेतो. पुढच्या रविवारी करूळच्या रस्त्याला दोन्ही गाड्या काढू, रेस नाही, नुसतं चालवून बघू एकमेकांची.

रंकाळा_काका
बोळे मोजलेस, शाब्बास.

सायबर_चौक
विमा कंपनीचं उत्तर आलं का?

व्हीटेकवेडा_०९
आलं नाही अजून. आलं की इथंच टाकतो. मूळचा मॅनिफोल्ड जपून ठेवलाय, नवीन कास्टिंग कुठं मिळालंच तर परत मूळचं बसवायची तयारी आहे. @फौंड्रीवाला दादा, म्हणून कापू देत नाही, पण बघायला घेऊन येतो.

फौंड्रीवाला
बघायला तर आण. चीर भरता येते काय ते पण बघू, कास्टिंगला आधी तापवून निकेल रॉडनं भरतात, पण सावकाश गार करावं लागतं, राखेत पुरून ठेवायचं रात्रभर. आमच्या भट्टीजवळ जागा आहे.

उद्यमनगर_टर्नर
ते होईल. आधी सांग, शंभर किलोमीटर झाल्यावर नट परत बघितलेस काय? पहिल्या काही तापण्यात गॅस्केट बसतं आणि नट सैल पडतात.

व्हीटेकवेडा_०९
आत्ताच बघून आलो, गाडी रात्रभर गार होती. मधले सगळे घट्ट. चौथ्या पोर्टचा खालचा पाव फेरा फिरला, मग रेंच कट् वाजला.